वहीतलं पान

ऋषिकेशची आई, पंचफुलाबाई, चौथीच शिकलेली. पण पेपरातलं शब्दकोडं सुटल्याशिवाय तिचा सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे. नवा शब्द सापडला की ती तो एका जुन्या वहीत उतरवून ठेवायची. घरातलं लेकरू असो की पाहुणा, त्या वहीला कुणाचा हात लागलेला तिला खपायचा नाही.

तिच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले, तेव्हा ऋषिकेशने डॉक्टरांना आधीच विनवलं, "आईसमोर इंग्रजीतच बोला." डॉक्टर इंग्रजीत, हळू आवाजात बोलले. गाठ पॅन्क्रियाजमध्ये होती, आर्टरीला वेढून नर्व्हपर्यंत पोचली होती, आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसली होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणे गा डॉक्टर?"

"अ‍ॅसिडिटी हाय, आई. गोळ्या देल्या."

"बरं झालं बाप्पा. मी तं उगाच भेली होती."

ती हसली. गाडीला किक मारताना ऋषिकेशला वाटलं, निदान तिच्या वाट्याची भीती तरी आपण अडवली. हुडकेश्वरला घर येईपर्यंत ती मागे बसून भाजीपाल्याचंच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली म्हणून तो डबा घेऊन खाली उतरला. डब्यात वरच, चहापत्तीत भिजलेले, वहीच्या पानाचे चार तुकडे होते. त्याने ते आपल्या उभ्या मोटरसायकलच्या सीटवर जुळवले.



आईच्या अक्षरात, कितीतरी वर्षांपूर्वीच्या शाईने लिहिलं होतं: आर्टरी – धमनी. नर्व्ह – मज्जातंतू. पॅन्क्रियाज – स्वादुपिंड.