डेपोकडची खोली

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या पेपरवर लाल शाईने गुण लिहिताना सरांचा हात थांबला. पोरगी नापास होती. दरवेळी पहिली येणारी, त्यांची स्वतःची पोरगी. नियमही त्यांनीच केलेला: त्यांच्या 'अ' तुकडीत जो नापास होईल, त्याची रवानगी 'ब' तुकडीत. आणि 'ब' म्हणजे ढ मुलांची तुकडी, हे शाळेच्या शिपायालाही तोंडपाठ होतं.

'ब' तुकडी सरांच्या बायकोकडे होती. शाळेत त्या बाई. "तुझ्या वर्गात एकाहून एक दगड," असं सर जेवताना चिडवायचे. बाई पुढची पोळी वाढायच्या.

यंदा बाईंचा पाय मोडला. प्लास्टर घालून जिना चढवेना, म्हणून खोल्यांची अदलाबदल झाली. बाई मुलांना घेऊन खाली, बागेकडच्या खोलीत आल्या. सर आपली हुशार मुलं घेऊन वर, डेपोकडच्या खोलीत गेले. तिथे खिडकीखाली बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असत. धूर थेट वर्गात. सकाळी पुसलेली बाकं दुपारी बोटाला काळी लागत. हळूहळू मुलं जांभया देऊ लागली, साध्या बेरजा चुकवू लागली. सर आधी खूप ओरडले. पुढे त्यांचंच डोकं इतकं ठणकायला लागलं की ओरडण्याचंही त्राण उरलं नाही.

खाली मात्र 'ब'ची कार्टी पाढे घडाघडा म्हणत होती. बाईंची जुनी डोकेदुखीही कुठल्या कुठे पळाली होती.

सर पोरीच्या पेपरकडे बघत होते, एवढ्यात हेडमास्तर चाव्यांचा जुडगा घेऊन आत आले.

"बाईंचं प्लास्टर निघालं, छान झालं. आता सोमवारपासून ज्याची खोली त्याला."

सरांच्या जिवात जीव आला. पेपर घडी घालून त्यांनी खिशात टाकला आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "यंदा तो नियम राहू दे. खाली आली की सुधारेल पोरगी. वरचा धूर डोक्यात जातो गं मुलांच्या."

"आणि माझ्या मुलांच्या?"

"अगं, तुझी मुळातच ढ आहेत."

"मुळातच?" बाईंचा आवाज जराही चढला नाही. "पहिलीत मुलांची वाटणी तुम्हीच करता ना? कशी करता?"

"कशी म्हणजे? प्रवेशाला आधी येतील ती 'अ'मध्ये. तिथल्या जागा भरल्या, की उरलेली..."

आजवर वर धाडलेली सगळी पोरं त्यांना आठवली, आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

हेडमास्तर ताटकळले होते. "बोला सर, मग वर कोणाला बसवू?"

"कोणालाच नाही," सर म्हणाले.