ओली लाकडं

जव्हारच्या जंगलातून सागाचे ओंडके नेणारी चिमुकली गाडी साखरशेतला खोळंबली होती. मागच्या उघड्या डब्यात नवरी बसली होती आणि रुळांशेजारी नवशी, गावातली लग्नं लावणारी धवलेरी, पाठवणीचं गाणं गात होती.

"आजी, आवरा! उशीर झाला तर साहेब मला घरी बसवेल," पास्कू ड्रायव्हर ओरडला.

"गाना सरं नाय तवर नवरी गाव सोडत नाय," वऱ्हाडातली एक बाई म्हणाली. नवशीनं तर मान वळवूनही पाहिलं नाही.

पास्कू तणतणत इंजिनावर चढला. "फागू, मी गाडी सोडतोच!"

"सोडा की मेस्त्री. पन वाफ कुठं हाय?" भट्टीत लाकडं सारता सारता त्याचा फायरमन फागू म्हणाला. वाफेचा काटा खरंच तळाला होता.

तासाभरानं गाणं संपलं आणि वाफ भराभर चढली. पास्कूनं मागे पाहिलं. सकाळी भरलेली ओली लाकडं संपली होती. सुक्यांच्या ढिगाला फागूनं आत्ता कुठे हात लावला होता. फागू साखरशेतचाच होता.

पुढच्या लग्नाला गाव दिसायच्या आधीच पास्कूनं विचारलं, "फागू, आजचं गाणं केवढं आहे? तेवढीच ओली घाल. साहेबाला मी सांगतो, साखरशेतला इंजिनाला दम लागतो."