गल्लीपलीकडचा निरोप

लंकाबाईंनी पेजेची वाटी बाजूला सारली आणि आढ्याकडं बघत म्हणाल्या, "छबीला सांग. यायचं असंल तर ये म्हनावं. न्हाई तर बस म्हनावं तिथंच."

खाटेशी बसलेले कानिफनाथ दचकले. आईच्या तोंडून मावशीचं नाव त्यांनी चाळीसएक वर्षांत ऐकलं नव्हतं.

लंकाबाई आणि छबूबाई सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या सख्ख्या जावा, आणि आता पुणतांब्यातल्या एकाच गल्लीत समोरासमोर दोन दारं. छबूबाईंना मूलबाळ नव्हतं. कानिफला गोदावरीत पोहायला त्यांनीच शिकवलं, नौदलाच्या परीक्षेला जा म्हणून धीरही त्यांनीच दिला. तो निघाला त्या सकाळी लंकाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुझ्या पोटचं असतं तर धाडलं असतंस का दर्यावर?" त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

कानिफनाथ युद्धनौकेवर होते, पुढं परराष्ट्र सेवेत गेले, राजदूत झाले. परक्या बंदरात अडकवून ठेवलेले आपले खलाशी त्यांनी एकदा नुसत्या बोलण्यावर सोडवून आणले होते. रजेवर आले की सकाळी आईकडं जेवत, संध्याकाळी मावशीकडं. दोघींना एका पंगतीला बसवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. आता निवृत्त होऊन ते गावी आले होते, आणि डॉक्टरांनी आईला घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. कानिफनाथ पायरीवर टेकले. गल्ली ओलांडता ओलांडता त्यांनी मनात वाक्य जुळवलं होतं.

"मावशी, आई म्हणते, माझं चुकलं. तुझी फार आठवण येते. एकदा भेटून जा."

छबूबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"हे लंकीचं बोलनं न्हाई. तुझं हाय. तिकडं सायबलोकांत चालत असंल. ती काय म्हनली ते सांग."

कानिफनाथ घुटमळले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचा निरोप जसाच्या तसा पोचवला नव्हता. टोकं घासूनच तो पुढं सरकवायचा, हेच त्यांचं काम होतं.

"यायचं असेल तर ये म्हणाली," ते खाली बघत म्हणाले. "नाही तर बस तिथंच."

छबूबाईंचा हात थांबला.

"असं म्हनली?"

"हो."

"मग बोलावतीय की."

त्यांनी सूप सारलं, पदराला हात पुसले आणि चप्पल न घालताच खाली उतरल्या. "हात दे," म्हणाल्या. कानिफनाथांनी हात दिला आणि दोघं गल्ली ओलांडून आली.

खाटेवरून लंकाबाईंनी मान वळवली.

"एवढा येळ लागतो व्हय गल्ली वलांडायला?"

"तुझ्या पोराला धड निरोप सांगता येत न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "मी काय करू?"

कण्हत कण्हत लंकाबाई भिंतीकडं सरकल्या. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली.

"तुझ्या नको म्हनू," त्या म्हणाल्या. "आपल्या म्हन."