शेजारची सीट

"मी शेजारी बसलो की कशी शहाण्यासारखी पळते ही!" शौकत मेकॅनिकनं पाना आपटला. दत्तूनानांची जुनी पिकअप तिसऱ्यांदा गॅरेजला आली होती. ट्रायल घेताना ती एका चावीत सुरू व्हायची. नाना एकटे निघाले, की मात्र दहादा चावी फिरवावी लागे आणि वाटेत इंजिनाला उचक्या लागत. फिल्टर बदलून झाला, डिझेलची नळी तपासून झाली.

"नेमकं कधीपासून, नाना?"

"संक्रांतीपासून."

त्याच दिवशी नानांची बायको गेली होती. शौकत मयताला आला होता.

त्यानं शेजारची सीट उचलली. खालून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरचा जोड सैल पडला होता. नानांबरोबर भांडी विकायला बाजारोबाजार जाणाऱ्या बायकोच्याच वजनानं सोळा वर्षं तो दबून राहिला होता.

शौकतनं जोड पक्का करून सीट बसवली. नानांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

"बघा! आता शेजारी कुणी नसलं तरी चालेल."

नानांचा हात शेजारच्या सीटला पडलेल्या खळग्यात होता.

"गाडीला चालेल रे," ते म्हणाले.