गाईचं खाणं

झाशीच्या त्या गल्लीत मराठी घर एकच, भानुमतीचं. तिच्याकडे दोडक्याचं सालही वाया जायचं नाही. तीळ-मिरची घालून त्याची चटणी केली, की एका वेळची भाजी वाचली. शेजारच्या तिवारीणबाईकडूनही ती सालं मागून आणायची.

"अरे भाभी, ये तो गाय खाती है," तिवारीण साऱ्या गल्लीला ऐकवायची.

 एक दिवस भानुमती वाटीभर चटणी तिच्या हातात देऊन आली.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेली, तर तिवारीण दारातच म्हणाली, "छिलके अब हम ही रखेंगे, भाभी. हमारी गाय चार रोटी ज्यादा खा गई."

आत तिवारीजी बोटानं वाटी पुसत बसलेले.

घर शेजारीच, पण भानुमती रिकामी पिशवी मिरवत अख्ख्या गल्लीला फेरी मारून आली.