यादीतली बायको

डेल्फीनने गोऱ्या माणसाशी लग्न केलं, तेव्हा कॅनडाच्या सरकारने तिचं नाव आदिवासींच्या यादीतून काढून टाकलं; गावात घर मिळायचा हक्कही गेला. तिच्या भावाने, लायनेलने, गोरी बायको केली. ती मात्र यादीत आली. नाव गेलेल्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून तो कायदा बदलून घेतला आणि डेल्फीनचं नाव पुन्हा यादीत आलं. मग विधवा डेल्फीन बॅग घेऊन गावी परतली. "तू ये गं, घराचं मी बघतो," असं लायनेलनेच फोनवर सांगितलं होतं. तो आता गावचा प्रमुख होता.

पंचायतीत तिच्या घराचा अर्ज निघाला. "विरोधात कोण?" कारकुनाने विचारलं. पहिला हात लायनेलचा वर गेला. आई गेल्यावर तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

अर्ज फेटाळला गेल्यावर तो बाहेर तिच्यामागे धावत आला. "ताई, वाटायला घरं पाचच आहेत. तुला दिलं असतं तर लोकांनी मला पुन्हा निवडून दिलं नसतं."

"तुझी बायको आली, तेव्हा घरं किती होती रे?"

"बसपर्यंत सोडतो," म्हणत त्याने बॅग उचलली. डेल्फीनने ती हिसकावून घेतली. जुन्या शेजारणीकडून तंबू मागून आणला आणि तळ्याकाठी, वडिलांच्या जागेवर, एकटीनेच उभारायला घेतला. दुसरी खुंटी ठोकताना मात्र तिला रडू आवरेना.