वरचं वावर

"हालू नका, आई," म्हणत राखीनं सासूच्या कपाळावर कुंकू टेकवलं. रुपयाएवढं, ठसठशीत. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. चार वर्षांपूर्वी धनी गेले तेव्हा गावातल्या बायांनी याच कपाळावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं होतं. त्यानंतर तिथं कुणाचं बोट लागलं नव्हतं.

बाहेर अंगणात पाहुणे मोबाईल सरसावून उभे होते. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ज्ञानेश्वरनं आपल्या वावरात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला, की शनिवार-रविवारी पुण्या-नागपूरच्या गाड्या येऊन थांबत. आज रविवार. पोळा खरा उद्या, सोमवारी. पण सोमवारी पाहुण्यांची ऑफिसं. मग ज्ञानेश्वरनं अमावस्येलाच एक दिवस अलीकडे ओढलं. पाहुण्यांना सजवलेले बैल हवे होते, पुरणपोळी हवी होती, आणि बैलाला ओवाळणारी नऊवारीतली आजी हवी होती. ओवाळायला राखी होती की. पण ती शिकलेली, चष्मेवाली. फोटोत पाहुण्यांपैकीच एक दिसायची.

"ज्ञाना, मले काऊन लावतं बापू हे करायले?" मनकर्णाबाई पोराच्या कानाशी कुजबुजल्या. "माह्या हातचं औक्षण बैलाले बाधलं तं?"

"देव काय कपाळ पाह्यते का, आई? देव भाव पाह्यते," ज्ञानेश्वर म्हणाला.

हे शहाणपण त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं. धनी गेल्यापासून दर पोळ्याला मनकर्णाबाई दाराआड उभ्या राहायच्या आणि फटीतून बैलांची पूजा बघायच्या. पण आई ती आईच. लेकराच्या तोंडून एक शब्द बरा निघाला, की तिला तो लगेच खरा वाटतो.

त्यांनी ताट उचललं. हिऱ्या बैल त्यांना बघून पुढे सरकला. त्याची माय वितानाच गेली होती. मनकर्णाबाईंनीच त्याला बाटलीनं दूध पाजून, चुलीच्या उबेला निजवून जगवलं होतं. त्यांनी त्याचे पाय धुतले, कपाळाला टिळा लावला, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. पोळी संपली तरी तो त्यांचा तळवा चाटत राहिला. मनकर्णाबाईंचा ऊर भरून आला. आपण अजून या घरातलं माणूस आहोत, असं त्यांना किती दिवसांनी वाटलं!

"आजी, परत एकदा! तोंडावर ऊन येत होतं," कुणीतरी ओरडलं. त्यांनी परत ओवाळलं. हौसेनं ओवाळलं. शंभरदा सांगितलं असतं, तर शंभरदा ओवाळलं असतं.

पुण्याहून आलेल्या प्रतिमानं त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि विचारलं, "आजोबा कुठे दिसले नाहीत?"

मनकर्णाबाईंनी पोराकडे पाहिलं. ज्ञानेश्वरची पापणीही हलली नाही.

"बाबा वरच्या वावरात गेलेत," तो म्हणाला. "दिवसभर तिकडंच असतात."

डोंगराकडच्या वरच्या वावरात, आंब्याखालच्या बांधावर, धन्याला अग्नी दिला होता. म्हणजे पोरगं अगदीच खोटं बोललं नाही, अशी मनकर्णाबाईंनी आपली समजूत घातली. पोराचं खोटं झाकायला आईला पदर पुरतोच.

प्रतिमाला हे सगळं इतकं आवडलं, की तिनं आणखी एक दिवस सुट्टी काढली. उद्या गावातला खरा पोळा बघूनच जायचं तिनं ठरवलं.

सोमवारी दिवस कलला तसा मारुतीच्या पारासमोर पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले. ज्ञानेश्वर हिऱ्याला घेऊन गावातल्या घरी आला. दारात आळीतल्या बाया जमल्या होत्या. उंबऱ्यावर मनकर्णाबाई उभ्या होत्या, हातात स्वतः सजवलेलं ताट घेऊन. कपाळ कोरंच होतं. कुंकू त्यांनी लावलं नव्हतं. देव कपाळ पाहत नाही, हे कालच कळलं होतं ना! शेजारच्या विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. हिऱ्यानं मात्र नेहमीसारखं तोंड पुढे केलं.

ज्ञानेश्वरनं आईच्या हातातलं ताट काढून राखीच्या हातात दिलं. राखीची मान वर झाली नाही.

"आई, आत जाय. सणासुदीचा अपशकून नको."

"काल तं तूच म्हणे, देव भाव पाह्यते."

"काल पोळा होता का, आई?" ज्ञानेश्वर दातओठ खात हळूच म्हणाला. "काल तं पाहुणे होते. अन् ते पाह्य, पुण्याची पाहुणी इकडंच येऊन राह्यली. असं कपाळ घेऊन तिच्या पुढं येऊ नको. जाय आत."

मनकर्णाबाई आत गेल्या. दाराआडची जागा पायांनी आपसूक शोधली. फटीतून हिऱ्याचं एक शिंग तेवढं दिसत होतं, बेगड लावलेलं. बाहेर राखीच्या बांगड्या वाजल्या. मग प्रतिमाचा आवाज आला, "अय्या, आज आजी नाही ओवाळणार? कुठे गेल्या?"

"आई ना? वरच्या वावरात गेलीय," ज्ञानेश्वर म्हणाला. "बाबांकडे."